ठिपक्यांचा नकाशा आणि आपली रिकामी जागा

शाळेच्या भूगोलातला तो जगाचा नकाशा तुम्हाला आठवत असेल. भूकंपांचे ठिपके, ज्वालामुखींचे त्रिकोण आणि दोन्ही पॅसिफिक महासागराभोवती माळेसारखे ओवलेले. त्याच नकाशानं मला या विषयाची गोडी लावली. तरीही आज त्याच्याबद्दल तक्रार करायची आहे.

नोव्हेंबर 2018 पासून पालघर-डहाणूकडे धक्के बसू लागले, तेव्हा इथे शिरगावात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन मेसेज फिरले. एक: ‘सह्याद्रीतला ज्वालामुखी जागा होतोय, वज्रेश्वरीची गरम कुंडं हाच पुरावा.’ दुसरा: ‘आपल्याकडे ज्वालामुखीच नाही, मग मोठा भूकंप कसला होतोय?’ दोन्ही एकमेकांच्या उलट, पण मूळ एकच. नकाशा बघून आपण धरून चाललोय की जिथे एक, तिथे दुसरा.

नकाशा खोटा नाही. जगातले सुमारे 90 टक्के भूकंप पॅसिफिकच्या कडेनं होतात आणि बहुतेक जागृत ज्वालामुखीही तिथेच आहेत. पण एकामुळे दुसरा होतो म्हणून नव्हे. तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो. घासताना खडक तुटतात, तो भूकंप. खाली गेलेल्या पट्टातून साधारण 100 किलोमीटर खोलीवर पाणी सुटतं, त्यामुळे वरचा खडक वितळतो, तो पुढे ज्वालामुखी. म्हणजे ही दोन भावंडं, बाप-लेक नव्हेत. अंदमानातलं बॅरन बेट हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अशाच जागी आहे. हिमालयात मात्र दोन खंड एकमेकांना भिडलेत, म्हणून तिथे भूकंप भरपूर, पण ज्वालामुखींची रांग नाही.

आता पहिला मेसेज. शिरगावातून दिसणारा चंदेरीचा सुळका लाव्हाचाच, पण तो लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यानंतर भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते ती चूल मागेच राहिली, आज हिंद महासागरातल्या रियुनियन बेटाखाली. वज्रेश्वरीचं पाणी भेगांमधून खोल जाऊन तिथल्या उष्णतेनं तापतं आणि वर येतं. त्यासाठी लाव्हा लागत नाही.

दुसरा मेसेज जास्त धोक्याचा. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेला 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. तिथे ज्वालामुखी नव्हता. जुन्या भेगा होत्या आणि वर नव्यानं भरलेलं धरण होतं. काळ्या कातळाचा थर तिथे एखाद किलोमीटरचा. भूकंप होतात ते त्याच्याही खाली, ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकात. म्हणजे आपले भूकंप लाव्हाचे नाहीतच, लाव्हाखालच्या जमिनीचे आहेत. हे नीट तपासायला कोयना परिसरात 3 किलोमीटर खोल भोक पाडलं गेलंय.

आणि किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 6.2 चा भूकंप झाला, हजारो माणसं झोपेत गेली. तेव्हाच्या सरकारी भूकंपक्षेत्रांच्या नकाशात हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. 2002 ला नकाशा सुधारला आणि लातूर तिसऱ्या क्षेत्रात गेलं. आपलं ठाणंही त्या नकाशात तिसऱ्यातच.

शाळेच्या नकाशाबद्दल माझी खरी तक्रार इथे आहे. त्यावर दोन वेगळी घड्याळं एकत्र चालतात आणि ते कुठे लिहिलेलं नसतं. ज्वालामुखीचा त्रिकोण बहुधा गेल्या दहा-बारा हजार वर्षांचा हिशोब सांगतो. भूकंपांच्या ठिपक्यांमागे मात्र यंत्रांच्या जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांच्या नोंदी. जी भेग हजारो वर्षांतून एकदा सरकते, तिला या नकाशात ठिपका कुठून मिळणार? रिकाम्या जागेचा अर्थ ‘अजून नोंद नाही’ एवढाच. आपण वाचतो ‘इथे होत नाही’. नकाशाखाली ही एक ओळ छापली, तरी माझी अर्धी तक्रार मिटेल.

उरलेली अर्धी आपल्यावर. शिरगावात नवे टॉवर उठतायत, बहुतेकांच्या खाली नुसत्या खांबांवर उभं पार्किंग. 2001 च्या भुज भूकंपात, केंद्रापासून 200 किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत अशाच खांबांवरच्या कित्येक इमारती कोसळल्या. तिथेही ज्वालामुखी नव्हता. तेव्हा फ्लॅट बघायला जाल, तर डोंगरात ज्वालामुखी आहे का हे विचारू नका. हे खांब भूकंपाचा हिशोब धरून बांधलेत का, ते विचारा आणि उत्तर कागदावर मागा.