तुटलं की तोडलं?

पुढच्या अंकासाठी आलेल्या कवितांचं बाड पाळी संपल्यावर वाचायला घेतलं. बावीस कविता. त्यातल्या सात कवितांत 'भग्न' हा शब्द. भग्न माणूस, भग्न स्वप्नं, भग्न वस्ती. एकानं तर आपल्या मायलाच भग्न करून टाकलं. खोटं कशाला बोलू, दोन वर्षांपूर्वीच्या माझ्या एका कवितेतही हा शब्द आहे. तेव्हा तो मला भारी वाटला होता. आता विचारतो, आपल्या वस्तीत हा शब्द बोलतं कोण? "बापू, खाट भग्न झाली," असं कोणाची माय म्हणते?

शब्द आला कुठून ते उघड आहे. बाबासाहेबांचा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ १९४८ साली निघाला. त्यात 'ब्रोकन मेन' आहेत. आपल्या पोरांनी ते ऐकलं, ब्रोकनला शब्दकोशात गाठलं, तिथं भग्न सापडलं आणि उचलून कवितेत ठेवलं. इंग्रजीचा धाक आणि संस्कृतची भुरळ, दोन्ही रोग एकाच शब्दात.

इंग्रजाची काठी, दोरी, बशी, हाड, वचन, संप, सगळ्यांना 'ब्रेक' हा एकच शब्द पुरतो. आपलं तसं भागत नाही. दोरी तुटते. काठी मोडते. मडकं फुटतं. लुगडं फाटतं. भिंत खचते. नागपुरात आपण अर्धी हिंदी बोलतो, 'टूट गया' म्हणून मोकळे होतो, तरी लेकरानं 'मडकं मोडलं' म्हटलं तर आजी हसतेच. वस्तू कशी होती, कशी गेली आणि पुन्हा कामी येईल का, एवढं सगळं मराठी एका क्रियापदात सांगते.

फुटलेलं मडकं पुन्हा मडकं होत नाही. मोडलेली खाट सुताराकडे जाते, नाहीतर मोडीत. तुटलेला धागा मात्र सांधता येतो. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे, पाळीभर हेच काम. धागा तुटला की बॉबिनवरचं टोक शोधायचं, वर नेऊन रोलरमधून येणाऱ्या कापसाला लावायचं. गाठ मारावी लागत नाही. पीळ बसला की झालं.

आता बाबासाहेबांची माणसं बघा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. टोळ्यांच्या लढायांत हरलेल्या टोळ्यांची माणसं आपल्या टोळीपासून सुटी झाली, पांगली. शेती करून एका जागी बसलेल्या लोकांना राखणीला माणसं हवी होती, या माणसांना आसरा हवा होता. म्हणून ती गावाबाहेर वसली. आयर्लंड आणि वेल्समधल्या अशाच परक्या टोळीतल्या माणसांचे दाखले बाबासाहेब देतात. ही माणसं बौद्ध होती, त्यांनी गोमांस सोडलं नाही, आणि त्यातून पुढे अस्पृश्यता आली, इसवी सन ४०० च्या सुमारास. इतिहासकारांनी यावर वाद घालावा. मी शब्दापुरतं बोलतो.

भग्न म्हटलं की आतून खचलेला, निकामी झालेला माणूस डोळ्यापुढे येतो. पण ही माणसं तर दुसऱ्यांच्या गावाची राखण करत होती. निकामी माणसाच्या भरवशावर कोणी गाव झोपी जात नाही. ती तुटलेली होती, आपल्या लोकांपासून तुटलेली. 'तुटलेली माणसं' लिहा. त्यात दुःख आहे आणि सांधायची वाटही आहे. भग्नात नुसता उसासा आहे.

सांधायचं कोणी, हाही आपल्याकडे जातीचाच प्रश्न. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साळखात्यात घेत नव्हते. धोट्यात नवी कांडी भरली की धाग्याचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. साळखात्यात पगार जास्त, म्हणून विटाळही जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर मांडला होता.

खरी गोम पुढेच आहे. मराठीत तुटणे वेगळं, तोडणे वेगळं. फुटणे-फोडणे, फाटणे-फाडणे. म्हणजे आपोआप झालं की कोणी केलं, हे भाषाच विचारते. 'ब्रोकन' हे विचारत नाही. 'भग्न' तर मुळीच नाही. आणि 'मोडणे' हा लबाड शब्द आहे, दोन्हीकडे चालतो. 'झोपडी मोडली'. वाऱ्यानं, वाळवीनं की बुलडोझरनं? शब्द चूप. म्हणून मोडणे लिहिलं तर कर्ता लिहाच.

याच कसोटीवर आपली नावंही घासून बघा. नागपूरनं ती जवळून पाहिली आहेत. १९२० साली इथं शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली. बहिष्कृत म्हटलं की बहिष्कार घालणारा दिसतो. १९३० साली इथंच बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली 'डिप्रेस्ड क्लासेस'ची परिषद झाली. डिप्रेस्ड, दबलेले. दाबणारा गायब. १९३१ साली गोलमेज परिषदेपुढच्या निवेदनात बाबासाहेबांनी हे नाव बदला अशी मागणी केली. जुलै १९४२ मध्ये इथं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन ठरलं. शेड्यूल म्हणजे सरकारची यादी, तिच्यात हक्क आहे, हकीकत नाही. आणि हरिजन? त्या शब्दात तर कोणी कोणाचं काही केलेलंच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला मात्र आपण असं नाव घेतलं, ज्यात मारणारा नाही आणि मार खाणाराही नाही. बौद्ध.

'दलित'चं काय? मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात त्याचा अर्थ दळलेलं, तुकडे तुकडे केलेलं असा आहे. दळण आपोआप होत नाही. जात्याचा खुंटा कोणाच्या तरी मुठीत असतो. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यानं भूमिहीन, कामगार, स्त्रिया, सगळे या शब्दात घेतले, कारण जातं एकच नव्हतं. म्हणून हा शब्द मला अजून चालतो. पण दळणाऱ्याचं नाव न घेता तो वापरला तर तोही भग्नच्या रांगेत जाऊन बसेल.

चळवळीतही आपण असंच बोलतो. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाख कामगार त्यात होते. रीतसर मागे घेतल्याचं कोणी जाहीर केलं नाही, तरी आपण 'संप फुटला' म्हणून मोकळे. ३ ऑक्टोबर १९५७ ला याच नागपुरात रिपब्लिकन पक्ष उभा झाला. पुढे काय झालं विचारा. कार्यकर्ता मान खाली घालून सांगतो, "फुटला." अरे, फुटायला तो काय मडकं होता? कोणी फोडला? बाहेरच्यानं की आतल्यानं? खुर्ची कोणाला मिळाली? एका क्रियापदानं आपण सगळ्यांना माफी देऊन टाकतो, त्यात स्वतःलाही.

शेवटी एक गोष्ट, जी ब्रोकनला जन्मात सांगता येणार नाही. मराठीत फुटणे म्हणजे नुसता नाश नाही. पालवी फुटते, पान्हा फुटतो, तांबडं फुटतं. मुक्याला वाचा फुटते. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला तेव्हा हेच घडलं. आणि अन्यायाला वाचा फोडली जाते. तिथं फोडणारे आपण असतो.

सातही कविता परत पाठवतोय, माझी जुनी धरून आठ. रागावू नका. भग्न खोडा आणि त्या जागी कोणाचं काय गेलं, तुटलं की फुटलं, आणि कोणाच्या हातानं, ते लिहा. वृत्त बिघडलं तर बिघडू द्या.

जयभीम.