काझी आणि कैदी : मालदीवची दोन प्रवासवर्णने, गोव्याच्या बाजूने वाचताना

मालदीव बेटांविषयी जुन्या काळात ज्या प्रवाशांनी सविस्तर लिहिले, त्यांत दोन नावे ठळक आहेत. पहिले मोरोक्कोच्या तांजा शहरातून निघालेल्या इब्न बतूताचे आणि दुसरे फ्रान्समधील लाव्हाल गावच्या फ्रान्स्वा पिरारचे. पहिला १३४३-४४ मध्ये तेथे काझी होता. दुसरा १६०२ ते १६०७ या काळात तेथे कैदी होता. या दोघांनी गोवाही पाहिला, ही गोष्ट गोव्यातील अध्यापकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. इब्न बतूता गोव्याहून मालदीवला गेला आणि पिरार मालदीवहून, बंगाल व मलबारमार्गे, गोव्यात येऊन पोहोचला. अल्बर्ट ग्रे या एकाच इंग्रज अभ्यासकाने दोघांच्याही लेखनाचे इंग्रजी भाषांतर केले. इब्न बतूताचा मालदीव व सिलोनचा भाग १८८२ मध्ये आला आणि पिरारचा ग्रंथ बेल यांच्या साहाय्याने १८८७ ते १८९० मध्ये आला. तरीही ही दोन पुस्तके एकत्र वाचण्याची प्रथा आपल्याकडे पडलेली दिसत नाही.

आपल्या वर्गांत प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार बहुधा माहितीचा साठा म्हणून शिकवला जातो. प्रवाशाने काय पाहिले याची यादी विद्यार्थी लिहितो आणि गुण मिळवतो. प्रवासी कोणत्या नात्याने आला होता, कोणत्या भाषेत बोलत होता, त्याला कोणाच्या घरात प्रवेश होता, हे प्रश्न प्रश्नपत्रिकेत नसतात. इब्न बतूताच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. एका बाजूला तो अभिमानाचा विषय होतो, दुसऱ्या बाजूला तो आक्रमकांच्या गोटातील माणूस ठरतो. दोन्ही पक्षांना त्याच्या पुस्तकातील निवडक चार ओळी पुरतात.

गोव्याविषयीच्या त्याच्या मजकुरापासून सुरुवात करणे योग्य होईल. तो गोव्याला संदापूर म्हणतो. हिनौरचा, म्हणजे आजच्या होन्नावरचा, सुलतान जमालुद्दीन याने १३४२ च्या सुमारास संदापूरवर ५२ जहाजांची स्वारी नेली आणि इब्न बतूता त्या स्वारीत स्वतः सामील झाला. जाण्यापूर्वी त्याने कुरआन उघडून शकुन पाहिला, हेही तो सांगतो. विजयानंतर तो तेथे सुमारे तीन महिने राहिला. एवढ्या मुक्कामात त्याने गोव्याविषयी काय लिहिले? बेटावर ३६ गावे आहेत, भोवती खाडी आहे, ओहोटीला तिचे पाणी गोडे व भरतीला खारे होते, मध्यभागी एक जुने व एक नवे अशी दोन शहरे आहेत आणि बगदादच्या मशिदींची आठवण व्हावी अशी एक मोठी मशीद आहे. बाकी सारी लढाई. ३६ गावांपैकी एकाही गावाचे नाव नाही, तेथील एकाही माणसाशी झालेले बोलणे नाही. भरती-ओहोटीची नोंद मात्र मांडवीकाठच्या कोणालाही पटेल अशी आहे. त्याची नजर अधू नव्हती, हे त्यावरून कळते. ती दुसरीकडे लागलेली होती.

हिनौरचे वर्णन याच्या अगदी उलट आहे. तेथील स्त्रियांना कुरआन मुखोद्गत आहे, मुलींच्या १३ आणि मुलांच्या २३ शाळा आहेत, असे तो लिहितो. शैक्षणिक समारंभांतील भाषणात उद्धृत करावे असे हे वाक्य आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण हिनौरच्या दरबारात तो सन्मान्य पाहुणा होता आणि संदापूरला तलवार घेऊन उतरला होता. दोन वर्णनांतील फरक या दोन भूमिकांशी जोडूनच वाचला पाहिजे. ज्या गावी माणूस पाहुणा असतो तेथे त्याला शाळा दिसतात.

मालदीवमध्ये तो तिसऱ्याच भूमिकेत जातो. त्याला स्वतःची ओळख लपवायची होती, कारण बेटांवर काझी नाही आणि आपल्याला अडकवून ठेवतील अशी त्याला शंका होती. ओळख उघड झाली आणि व्हायचे तेच झाले. या बेटांवर तेव्हा खदीजा नावाची राणी राज्य करीत होती व खुतबा तिच्या नावाने वाचला जात होता. इब्न बतूता या गोष्टीची नोंद बेटांवरील एक नवल म्हणून करतो.

येथे त्याच्या लेखनाचे दोन थर स्पष्ट वेगळे करता येतात. व्यापाराच्या वस्तूंविषयी लिहिताना तो उत्तम निरीक्षक आहे. नारळाच्या सोडणाचा काथ्या किनाऱ्यावरील खड्ड्यांत कुजवतात, मग दांडक्यांनी बडवतात, स्त्रिया त्याचे सुंभ वळतात आणि त्या सुंभाने जहाजांच्या फळ्या शिवतात, हे तो क्रमाने सांगतो. खिळ्यांचे जहाज खडकावर आपटले तर फुटते, शिवलेले जहाज लवते, हे कारणही देतो. पेडणे तालुक्यातील किनारपट्टीवर ज्यांच्या घरी सोडणे कुजवून सुंभ वळला गेला, त्या विद्यार्थ्याला हा परिच्छेद समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. उलट काय सुटले आहे ते तोच सांगेल. कवड्यांविषयीचा मजकूरही असाच पक्का आहे. मालदीवमध्ये एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या मिळत, कधी त्याहूनही कितीतरी जास्त. त्या बंगालला जात व बदल्यात तांदूळ येई. पुढे आफ्रिकेत माली व गोगो येथे त्याच कवड्या दिनाराला ११५० या दराने विकल्या जाताना त्याने पाहिल्या. आपल्या भाषेत 'कवडीमोल' हा शब्द क्षुल्लकपणासाठी राहिला. ती कवडी एका बेटाचे पोट भरीत होती, हे या आकड्यांतून उमगते.

पण हाच माणूस न्यायासनावर बसला की त्याची नजर बदलते. घटस्फोटित स्त्रिया पूर्वीच्या पतीच्या घरी राहतात हे त्याला खटकले. त्याने पंचवीसेक पुरुषांना फटके मारवून त्यांची धिंड काढली. जुम्याच्या नमाजला न येणाऱ्यांना शिक्षा सुरू केली. स्त्रिया कमरेच्या वर वस्त्र घेत नसत. ते बदलण्याचा हुकूम त्याने काढला आणि तो फसला. न्यायालयात येताना अंग झाकावे, एवढीच अट तो पाळून घेऊ शकला. एका चोराचा हात तोडण्याची शिक्षा त्याने फर्मावली तेव्हा न्यायसभेतील कित्येक लोक बेशुद्ध पडले. या साऱ्यातून बेटावरील लोक दुर्बल व भित्रे आहेत असा निष्कर्ष तो काढतो. वाचकाला मात्र त्याच प्रसंगातून वेगळे काही दिसू शकते : दोनशे वर्षे मुसलमान असलेला, नमाज-रोजा पाळणारा, स्वच्छतेत काटेकोर असलेला एक समाज, ज्याने धर्म स्वीकारला पण पोशाख, घर आणि विवाह यांच्या आपल्या रीती सोडल्या नाहीत. काझीला ही ढिलाई वाटली. अभ्यासकाला ती त्या समाजाची घडण वाटायला हवी. कोकण-गोव्याच्या मुस्लिम घरांत बोलली जाणारी भाषा, लग्नातील गाणी, नारळाचा रस घातलेले जेवण यांकडेही बाहेरून आलेल्या नजरा असेच पाहत आल्या आहेत.

इब्न बतूताचा मोठेपणा असा की त्याने आपले अपयश लपवलेले नाही. हुकूम कोणी मानला नाही, हे तो स्वतःच लिहून ठेवतो. त्याहून धक्कादायक गोष्टही तो सांगतो. वजिराशी बिनसल्यावर तो बेटे सोडून माबरला गेला आणि तेथील सुलतान गियासुद्दीन याच्याशी त्याने मालदीववर स्वारी करण्याचा बेत केला. सुलतान मरण पावल्याने तो तडीस गेला नाही. ज्या बेटांनी त्याला पद दिले, बायका दिल्या, मुलगा दिला, त्यांच्यावर आरमार नेण्याची ही योजना. आणि नंतर तो त्याच बेटांवर त्या मुलाला पाहायला गेला व त्याला आईपाशी ठेवून परतला. हे सारे त्याने मायदेशी परतल्यावर सांगितले आणि इब्न जुझय्यने १३५५ मध्ये लिहून पूर्ण केले. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, हे वाचताना विसरता कामा नये. बडोद्याहून १९५३ मध्ये निघालेल्या मेहदी हुसेन यांच्या भाषांतरात भारत, मालदीव व सिलोन हे भाग सलग वाचायला मिळतात. वर्गात वापरायला तेच सोयीचे.

अरबी-उर्दू शिकवणाऱ्यांसाठी या भागात एक छान पाठही आहे. बेटांना इस्लामकडे आणणारा सत्पुरुष मगरिबचा अबुल बरकात अल-बर्बरी होता, असे इब्न बतूता म्हणतो. मालेच्या मशिदीतील शिलालेखावरून काही अभ्यासकांनी तेच नाव 'तबरेजी' असे वाचले. नुक्ते न देता लिहिलेल्या अक्षरांत बर्बरी आणि तबरेजी यांच्यात अंतर फार थोडे राहते. मगरिबच्या प्रवाशाला तेथे आपल्याच मुलखाचा माणूस दिसावा, यात नवल नाही. नुक्त्यांना कंटाळणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण जरूर द्यावे.

आता पिरार. १६०१ मध्ये सेंट मालो बंदरातून निघालेले त्याचे 'कोर्बिन' जहाज जुलै १६०२ मध्ये मालदीवच्या खडकांवर फुटले. जिवंत राहिलेले खलाशी राजाचे कैदी झाले, आणि त्यांतले कित्येक तापाने मेले. पिरारचे नशीब एका गोष्टीने पालटले : त्याने दिवेही भाषा शिकून घेतली. भाषा येऊ लागताच त्याला मालेत राजाजवळ राहण्याची मुभा मिळाली. पुढे १६०७ मध्ये बंगालकडून आलेल्या स्वारीत राजा मारला गेला, तेव्हा त्याची सुटका झाली. त्याचे पुस्तक १६११ मध्ये निघाले आणि पुढील आवृत्त्यांत वाढत गेले. त्यात दिवेही शब्दांची यादी आहे. बेटांच्या कड्याला असलेला 'अटोल' हा स्थानिक शब्द युरोपच्या भाषांत नेण्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते. आज भूगोलाच्या पुस्तकात तो शब्द येतो तेव्हा या कैद्याची आठवण कोणी काढत नाही.

पिरार धर्माने ख्रिस्ती होता, मुसलमानांच्या आचारांविषयी त्याला आत्मीयता असण्याचे कारण नव्हते. तरीही रमजान, ईद, सुंता, विवाह, मौत यांविषयी त्याने जे लिहिले, ते काझीच्या वर्णनापेक्षा भरघोस आहे. गुळगुळीत लाकडी फळीवर बारीक वाळू पसरून मुले टोकदार काडीने अक्षरे गिरवतात, हे त्याने नोंदवले. मराठीत 'धुळाक्षरे' हा शब्द ज्या रीतीतून आला तीच ही रीत. काझीच्या हाती शिक्षा होती, म्हणून त्याला सुधारण्याजोग्या गोष्टी दिसल्या. कैद्याला जगण्यासाठी लोकांची मर्जी सांभाळावी लागत होती, म्हणून त्याला लोक दिसले.

हा निष्कर्ष मात्र घाईने पक्का करू नये, कारण पिरारच त्याला मर्यादा घालतो. १६०८ मध्ये तो आजारी अवस्थेत गोव्यात आला आणि शाही इस्पितळात दाखल झाला. या इस्पितळाची त्याने मनसोक्त स्तुती केली आहे : लाखेचे रोगण दिलेल्या खाटा, चिनी मातीची भांडी, कोंबडीचे जेवण. रस्त्यावरील गुलामांचा बाजार, पोर्तुगीज शिपायांचा पोकळ डौल, तुरुंग हेही त्याने लिहिले. पण १६१० पर्यंतच्या मुक्कामात त्याचा गोवा मुख्यतः पोर्तुगिजांचे शहर राहिला. येथील शेतकरी, कोळी, रेंदेर ओझरते येतात. त्यांच्या घरात तो शिरत नाही. मालदीवमध्ये भाषा शिकलेला माणूस गोव्यात युरोपीय भाषांवर निभावून नेतो आणि त्याचे पुस्तक तेवढे उथळ होते. गंमत म्हणजे त्याने ज्या जेझुइटांचा उल्लेख केला त्यांत थॉमस स्टीफन्स आणि एतिएन द ला क्रुआ हे दोघे आहेत. पहिल्याने १६१६ चे 'क्रिस्तपुराण' मराठीत रचले, दुसऱ्याने सेंट पीटरवरील पुराण. मराठी ओवीत लिहिणाऱ्या या माणसांशी ओळख होऊनही पिरारपर्यंत मराठी पोहोचली नाही.

आणि दोघेही पलीकडच्या काठाला गेले नाहीत. डिचोली व पेडणे पिरारच्या काळी विजापूरच्या मुलखात होते. गोवा बेटावरून मुख्य भूमीवर जायचे तर पहाऱ्याच्या ठरावीक घाटांवरून जावे लागे. त्यांतला एक दिवाडी बेटावरून डिचोलीतील नार्व्याकडे होता. दिवाडीवरील सप्तकोटेश्वर याच पाण्यावरून नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढे शहाजादा अकबर आणि संभाजी महाराज यांच्या काळाशी जोडला जाणारा नमाजगाह डिचोलीत उभा राहिला. या साऱ्या घडामोडी प्रवाशांच्या गोव्याबाहेर राहिल्या, कारण त्यांचा गोवा खाडीपाशी संपत होता.

आजचा प्रवासी पेडण्यातच उतरतो. मोप येथील विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. मोरजी, हरमल ही गावे त्याआधीपासून परदेशी पाहुण्यांच्या ओळखीची. मालदीवच्या आणि पेडण्याच्या जाहिरातींत तोच वाकलेला माड, तेच रिकामे पुळण असते, आणि माडावर चढणारा पाडेली दोन्हीकडे नसतो. पेडण्याच्या महाविद्यालयात बसलेला विद्यार्थी हा वर्णन केल्या गेलेल्या गावचा रहिवासी आहे, ही त्याची जमेची बाजू आहे. त्याला इब्न बतूताचा संदापूरचा परिच्छेद द्यावा आणि ३६ गावांपैकी एका गावाच्या बाजूने तो पुन्हा लिहायला सांगावे. डिचोलीच्या विद्यार्थ्याला नार्व्याच्या घाटावरून समोरचे शहर कसे दिसले असते ते लिहायला लावावे. त्याबरोबर दोन पाने शेजारी ठेवून वाचावीत, हिनौरच्या ३६ शाळांचे आणि वाळूच्या पाटीचे. पहिल्या पानावर शाळांची संख्या आहे, दुसऱ्यावर मुलाच्या हातातली काडी आहे.