सोडून दिलेले ढग

दर उन्हाळ्यात माझ्या फोनवर वादळांचा हंगाम सुरू होतो. अमेरिकेतले हौशी लोक गाडी काढतात, रडारचं ॲप लावतात आणि शेकडो किलोमीटर ढगांच्या मागे हिंडतात. कधी ओक्लाहोमाची सपाट शेतं, कधी ॲरिझोनातल्या लाल दऱ्या. वर काळंनिळं आभाळ आणि लांबवर लोंबणारा पावसाचा पडदा. हे वेड आता आपल्याकडेही आलंय. मे महिन्यात सोलापूर-विजयपूर रस्त्याच्या कडेला गाडी लावून वळवाच्या ढगांचे टाइमलॅप्स करणारी पोरं दिसतात. मीही त्यांच्यातलाच. इथलं माळरान त्यासाठी सोयीचं आहे. मध्ये डोंगर नाही, झाडं तुरळक, दूरच्या कुठल्या तरी शिवारात पडणारा पाऊस उभाच्या उभा दिसतो.

दुरून दिसणारा पाऊस सुंदर असतो, पण तो दूरच राहील याची खात्री नसते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या अँटेलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक लोंढ्यात सापडून मेले. वादळ झालं होतं कित्येक किलोमीटर वर. त्या अरुंद घळीत आलं ते फक्त पाणी. सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. आपलं उजनी भरतं ते मुख्यतः पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या पावसानं. वरून विसर्ग वाढला की इथं ऊन असतानाही पंढरपूरच्या वाळवंटात चंद्रभागा चढते. आभाळ एकाचं, पाणी दुसऱ्याचं. म्हणून वादळावरच्या कुठल्याही कलाकृतीला मी एकच प्रश्न विचारतो: ढग कुणाच्या डोक्यावर आहे, आणि कॅमेरा कुणाच्या गाडीत?

ली आयझॅक चंग यांच्या ‘ट्विस्टर्स’ला (२०२४) हा प्रश्न निदान ऐकू येतो. १९९६ च्या ‘ट्विस्टर’पेक्षा हा सिनेमा त्या बाबतीत शहाणा आहे. यातला टायलर युट्यूबवर वादळं दाखवतो, स्वतःचा चेहरा छापलेले टी-शर्ट विकतो आणि उद्ध्वस्त गावात मदतही वाटतो. दुसरीकडे शास्त्रज्ञांच्या चकचकीत गाड्यांमागे पैसा आहे तो घरं गमावलेल्यांच्या जमिनी पडत्या भावात घेणाऱ्या माणसाचा. शेवटाकडे गावकरी एका थिएटरात आसरा घेतात, वादळ पडद्याची भिंतच ओढून नेतं आणि त्या रिकाम्या चौकटीतून खरं वादळ दिसतं. तमाशा बघणारेच तमाशाच्या तोंडी जातात. सिनेमातलं हे सगळ्यात हुशार दृश्य.

पण तिथंच तो घाबरतो. नायिका केट ढगात रसायनं सोडून वादळ मारायचा प्रयोग सुरुवातीला करते. तो फसतो, तिचे मित्र मरतात. शेवटी तोच प्रयोग यशस्वी होतो आणि वादळ विरतं. त्यातलं रसायनशास्त्र खरं की खोटं, हा वाद मला दुय्यम वाटतो. खोटेपणा दुसरीकडे आहे. या सिनेमात अपयश फक्त पुढच्या यशाची तयारी म्हणून येतं. हाताशी उपाय असताना एखादा ढग तसाच सोडून द्यावा लागतो, हे त्याच्या गावीही नाही.

खऱ्या विज्ञानाला तो सोडावा लागतो, आणि ते सोलापुरात घडलंय. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, इथं विमानं आणि रडार घेऊन ढगांचा पाठलाग केला. ढगाच्या तळाशी विमानातून कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळायच्या. त्या कणांवर बाष्प जमून थेंब मोठे होतात का, ते बघायचं. एकूण २७६ ढग अभ्यासले गेले. वाऱ्याच्या दिशेला १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष निघाला. पण तो काढण्यासाठी फवारलेल्या ढगांची तुलना न फवारलेल्यांशी करावी लागली. कुठल्या ढगाला औषध आणि कुठल्याला नाही, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं. आम्ही ऑफिसात याला ए/बी टेस्ट म्हणतो. निम्म्यांना हिरवं बटण, निम्म्यांना निळं. कुणाचं काही बिघडत नाही. इथं मात्र दुसऱ्या गटात बटण नाही, शिवार आहे. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यातलं. हा प्रयोगाचा दोष नव्हे. असं केल्याशिवाय काही कळणारच नाही. पण त्या सोडलेल्या ढगाखाली उभं राहून वर बघणाऱ्याची गोष्ट कोण सांगणार?

ती मराठीत सांगून झाली आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आपण ग्रामीण साहित्य म्हणून कपाटात ठेवली. गोड माणसं, मेंढरं, बांधून काढलेली तालीम, एवढंच तिच्यातून आठवतो. मला ती आभाळाची कादंबरी वाटते. माणदेश हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख. आपल्या जिल्ह्यातला सांगोलाही त्यातच येतो. पाऊस झाला तर वाफसा गाठायची घाई अशी, की शेकूची बायको जू स्वतःच्या खांद्यावर घेऊन बैलाच्या जोडीला उभी राहते. नाही झाला तर मेंढरं मरतात आणि अख्खी वाडी जगायला बाहेर पडते. यात गडगडाटाचा कळसाध्याय नाही. ढग येत नाहीत, एवढीच घटना. आणि तिच्यामुळे गाव रस्त्याला लागतं. ‘ट्विस्टर्स’मध्ये माणसं ढग गाठायला प्रवास करतात, ‘बनगरवाडी’त ढग न आल्यामुळे. दोन्ही रोड ट्रिपच म्हणायच्या, तर दुसरीत टाकीभर पेट्रोलही नाही आणि परतीची तारीखही नाही.

माडगूळकरांचा प्रामाणिकपणा त्यांच्या निवेदकात आहे. मास्तर बाहेरून आलेला, पगारी माणूस. त्याचं पोट पावसावर नाही. वाडी रिकामी होते तेव्हा तोही जातो, पण बदलीवर. लेखक हा फरक मोठ्यानं सांगत नाही, झाकतही नाही. गावावर माया असलेला माणूसही शेवटी वेगळ्या हिशेबात जगतो, हे त्यातून आपोआप कळतं. टायलरच्या मदतीच्या पाकिटांपेक्षा मला हे जास्त खरं वाटतं, कारण मीही मास्तरच्याच बाजूचा आहे. ढग आला काय, गेला काय, महिन्याच्या शेवटी माझ्या खात्यात पगार जमा होतो.

म्हणून वादळ बघूच नये का? तसं अजिबात नाही. वळवाच्या ढगावर संध्याकाळचं ऊन पडतं तेव्हा मान वर न करणारा माणूस मला तरी करंटाच वाटेल, आणि शेतकरीही काही फक्त हिशेबासाठी आभाळ बघत नाही. तक्रार कटची आहे. आपल्या रील ढग भरून आला, वीज चमकली, पहिला थेंब काचेवर पडला की संपतात. ज्या दिवशी तो थेंब पडतच नाही, ते फुटेज आपण डिलीट करतो. सोलापूरच्या आभाळाची बरीचशी गोष्ट त्या डिलीट केलेल्या फुटेजमध्ये असते. ढग निघून गेल्यावर कॅमेरा आणखी दोन मिनिटं चालू ठेवायचा आणि खाली, जमिनीकडे वळवायचा, एवढं जमलं तरी मराठीतला पहिला खरा वादळपट एखाद्या फोनवरसुद्धा होऊ शकतो.