हिमभूमीतील भय आणि निवेदकाचा आवाज : ध्रुवीय भयकथांच्या श्रवणानंदाविषयी

१. प्रस्तावना

भयकथा हा लोकप्रिय वाङ्मयप्रकार आहे. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या लेखनाने त्याला मोठा वाचकवर्ग मिळाला. मात्र भयकथेची चर्चा बहुधा कथानक, वातावरण आणि धक्कातंत्र यांपुरती मर्यादित राहते. भयकथा मुळात कोणीतरी कोणाला तरी सांगितलेली असते, या बाजूकडे त्या मानाने कमी लक्ष दिले जाते. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाच्या परंपरेमुळे सांगितलेली कथा आणि छापलेली कथा यांतील अंतर मराठी रसिकाला अनुभवाने ठाऊक आहे. भयकथेच्या बाबतीत हे अंतर अधिक अर्थपूर्ण ठरते.

प्रस्तुत लेखात उत्तर आणि दक्षिण ध्रुवप्रदेशांत घडणाऱ्या इंग्रजी भयकथांचा या दृष्टीने विचार केला आहे. पडका वाडा, ओसाड विहीर, गावाबाहेरचा पिंपळ ही आपल्या भयकथेची परिचित स्थळे होत. तेथे पूर्वी कोणीतरी राहून गेलेले असते, म्हणून तेथे भूत संभवते. बर्फाच्छादित ध्रुवप्रदेशात वाडा नाही, झाड नाही, वस्तीही नाही असे गृहीत धरलेले असते. मग तेथे भय कोणाचे वाटते? आणि ते ऐकताना आनंद का होतो? ध्रुवीय भयकथेतील भय रिकामेपणातून जेवढे निर्माण होते, त्याहून अधिक ते 'ही जागा रिकामी नव्हती' या जाणिवेतून निर्माण होते. आणि ही जाणीव देणारा आवाज कोणाचा, यावर त्या कथेचे मूल्य अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२. भयानक रसाचे विभाव आणि ध्रुवप्रदेश

भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचे विभाव सांगताना विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, शून्यागार आणि अरण्यगमन यांचा उल्लेख येतो. या गणनेत आवाजाला अग्रस्थान आहे, ही गोष्ट श्रवणाच्या संदर्भात लक्षणीय होय. ध्रुवप्रदेश हे शून्यागार आणि अरण्य यांचे एकत्रित, विराट रूप मानता येईल. तेथे दृष्टीचा आधार महिनोन्‌महिने नाहीसा होतो. स्वालबार्ड द्वीपसमूहातील नी-ऑलेसुंद येथे भारताचे 'हिमाद्री' हे संशोधनकेंद्र २००८ पासून आहे. त्या अक्षांशावर ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. अशा ठिकाणी कानच डोळ्यांचे काम करू लागतात. बर्फ तडकण्याचा आवाज, वाऱ्याचा आवाज, कुत्र्यांचे अचानक गप्प होणे, हीच तेथील भयाची सामग्री असते.

ध्रुवीय रात्रीच्या भयाने एका मराठी विचारवंताच्या कल्पनेलाही चालना दिली होती. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' या ग्रंथात वैदिक सूक्तांतील दीर्घ उषा आणि अंधाराविषयीची चिंता यांचा अर्थ ध्रुवप्रदेशातील वास्तव्याच्या स्मृतीशी जोडला. हा सिद्धांत आज विद्वानांत मान्य नाही. तथापि सूर्य परत येईल की नाही ही भीती पठणातून टिकून राहिलेल्या शब्दांत ऐकू येते, ही त्यामागील वाचनदृष्टी आपल्या विषयाशी नाते सांगणारी आहे.

भयातून आनंद कसा, याचे पाश्चात्त्य उत्तर एडमंड बर्क याने १७५७ मध्ये दिले. संकट पुरेशा अंतरावर असेल तर त्यातून एक प्रकारचा आल्हाद होतो, असे तो मानतो. अभिनवगुप्ताचे उत्तर अधिक सूक्ष्म आहे. 'शाकुंतला'तील बाणाला भिऊन धावणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेऊन तो दाखवितो की, रसिकाला प्रतीत होणारे भय 'माझे', 'शत्रूचे' किंवा 'त्रयस्थाचे' अशा संबंधांतून आणि देशकालाच्या मर्यादेतून मुक्त झालेले असते. बर्कच्या मते श्रोता दूर असतो म्हणून सुखावतो, तर साधारणीकरणाच्या सिद्धांतानुसार तो त्या भयात सहभागी होऊनही बाधित होत नाही. उष्ण प्रदेशातील श्रोत्याला बर्फातील कथा रुचते, याचा उलगडा केवळ अंतराने होत नाही. अंतर तर वर्तमानपत्रातील बातमीलाही असते. कथेत त्या अंतरावरून एक मानवी आवाज आपल्यापर्यंत पोहोचतो आणि तो आपल्याला त्या भयाचा भागीदार करतो.

३. निवेदकाची चौकट

ध्रुवीय भयकथा प्रायः थेट सांगितली जात नाही. तिला पत्र, रोजनिशी किंवा साक्ष यांची चौकट असते. मेरी शेली हिच्या 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) या कादंबरीचा आरंभ आणि शेवट उत्तरेकडील बर्फात होतो. वॉल्टन हा दर्यावर्दी आपल्या बहिणीला पत्रे लिहितो, त्याला फ्रँकेन्स्टाइन आपली कथा सांगतो, आणि त्या कथेच्या पोटात राक्षसाची स्वतःची कथा येते. बर्फात अडकलेल्या जहाजावर करण्यासारखे ऐकण्यावाचून दुसरे काही उरत नाही. हिमभूमी येथे श्रवणाची सक्ती निर्माण करते.

आर्थर कॉनन डॉयल याने वैद्यकीय विद्यार्थी असताना १८८० मध्ये ग्रीनलंडच्या समुद्रात व्हेलच्या शिकारीस निघालेल्या 'होप' या जहाजावर शल्यवैद्य म्हणून काम केले होते. त्या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर लिहिलेली 'द कॅप्टन ऑफ द पोलस्टार' ही कथा १८८३ मध्ये प्रसिद्ध झाली. निवेदक तरुण वैद्य आहे. खलाशांना ऐकू येणाऱ्या हाकांकडे तो अंधश्रद्धा म्हणून पाहतो, पण रोजनिशीच्या ओघात त्याचा आत्मविश्वास कमी होत जातो. अखेरीस वडिलांची पुरवणी जोडलेली आहे. वाचकाचा विश्वास संपादन करण्यासाठी साक्षीला साक्ष जोडण्याची ही रीत आहे.

एच. पी. लव्हक्राफ्ट याची 'ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' ही दीर्घकथा १९३१ मध्ये लिहिली गेली आणि १९३६ मध्ये 'ॲस्टाउंडिंग स्टोरीज' या मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. अंटार्क्टिकावरील मोहिमेची एक तुकडी मुख्य तळापासून दूर जाते आणि बिनतारी संदेशांतून आपले शोध कळविते. संदेश येत राहतात, उत्साह वाढत जातो, मग वादळ होते आणि संदेश थांबतात. कथेतील सर्वांत परिणामकारक भाग हाच आहे. नंतर दिसणाऱ्या अक्राळविक्राळ प्राण्यांपेक्षा यंत्रातील शांतता अधिक भयप्रद वाटते, कारण त्या क्षणी तळावरील मंडळी आणि श्रोता एकाच अवस्थेत असतात. दोघांनाही ऐकण्याखेरीज काही शक्य नसते.

पुढे वास्तवातही याच्याशी मिळताजुळता प्रसंग घडला. अमेरिकी संशोधक रिचर्ड बर्ड हा १९३४ च्या हिवाळ्यात 'लिटल अमेरिका' या तळाच्या दक्षिणेस सुमारे २०० किलोमीटरवरील एका झोपडीत एकटा राहिला. शेगडीच्या सदोष धूरवाटेमुळे कार्बन मोनॉक्साइडची बाधा होऊन तो खंगत गेला, पण बिनतारी संदेशांत त्याने ते लपविले. संदेशांतील विस्कळीतपणावरून तळावरील सहकाऱ्यांना संशय आला आणि ऑगस्टमध्ये ते त्याच्यापर्यंत पोहोचले. हा अनुभव त्याने 'अलोन' (१९३८) या पुस्तकात सांगितला. सांगणारा जे दडवितो ते त्याच्या आवाजातून ऐकणाऱ्याला कळते, हे ध्रुवीय भयकथेचे तत्त्व येथे प्रत्यक्षात उतरलेले दिसते.

४. वाचन आणि श्रवण

छापील भयकथा वाचताना गती वाचकाच्या हाती असते. तो पाने उलटू शकतो, शेवट आधी पाहू शकतो. ध्वनिरूपात कथा ऐकणाऱ्याने हे स्वातंत्र्य बहुतांशी निवेदकाच्या स्वाधीन केलेले असते. 'एच. पी. लव्हक्राफ्ट हिस्टॉरिकल सोसायटी' या संस्थेने २००६ मध्ये उपर्युक्त कथेचे ध्वनिनाट्य तयार केले आणि त्याला १९३० च्या दशकातील नभोवाणी-कार्यक्रमाचे रूप दिले. मूळ कथेतील संदेश त्यात खरोखरच कानावर येतात. मात्र श्रवणाने या कथेतील एक दोषही उघड होतो. उत्तरार्धातील भित्तिशिल्पांची प्रदीर्घ वर्णने वाचताना डोळा पुढे सरकवू शकतो, पण अखंड वाचन ऐकताना कान ती सहन करू शकत नाहीत. बोलण्याच्या लयीशी फारकत घेतलेले गद्य ऐकताना उघडे पडते.

याउलट मिशेल पेव्हर हिची 'डार्क मॅटर' (२०१०) ही कादंबरी श्रवणात अधिक समृद्ध होते. १९३७ च्या स्वालबार्ड मोहिमेतील जॅक मिलर या बिनतारी यंत्रचालकाची ही रोजनिशी आहे. सहकारी परतल्यावर तो ध्रुवीय रात्रीत कुत्र्यांसह एकटा उरतो. त्याची वाक्ये आरंभी ऐटबाज आणि उपरोधिक असतात, पुढे ती तुटक होत जातात. जेरेमी नॉर्दम या अभिनेत्याच्या वाचनात हा उतार कानांना जाणवतो. येथे एक विरोधाभासही आहे. रोजनिशीला श्रोता नसतो, तिचा लेखक कोणाशीच बोलत नसतो. ती मोठ्याने वाचली गेली की त्या एकट्या माणसाला प्रथमच श्रोता लाभतो, आणि तो श्रोता आपण असतो. जॅकच्या एकटेपणाला साक्षीदार मिळण्यातील करुणा भयाशी मिसळते. या कथांच्या श्रवणानंदाचे मर्म माझ्या मते या मिश्रणात आहे.

५. निर्जनतेचा प्रश्न

येथवर आनंदाचा विचार झाला. पण कोणाचा आवाज ऐकू येतो, हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन याच्या नेतृत्वाखाली 'एरेबस' आणि 'टेरर' ही जहाजे वायव्य सागरी मार्गाच्या शोधात निघाली. १२९ माणसांपैकी कोणीही परतला नाही. १८५४ मध्ये जॉन रे याने इनुइट लोकांकडून ऐकलेली हकिकत इंग्लंडमध्ये कळविली. उपासमारीने मरणाऱ्या खलाशांनी शेवटी मृतांचे मांस खाल्ले, असे तीत होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये चार्ल्स डिकन्स याने आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकात या साक्षीवर कठोर हल्ला चढविला. इनुइटांचा शब्द विश्वासार्ह नाही, कदाचित त्यांनीच खलाशांना मारले असावे, असा त्याचा रोख होता. रे याचे उत्तरही त्याने छापले, पण स्वतःची भूमिका बदलली नाही. पुढे विल्की कॉलिन्सने त्याच्या साहाय्याने लिहिलेल्या 'द फ्रोझन डीप' या नाटकात १८५७ मध्ये डिकन्सने स्वतः भूमिका केली. आर्क्टिकच्या भयाचे उदात्त, त्यागमय रूप त्याला रंगभूमीवर हवे होते. इनुइटांनी सांगितलेले रूप ऐकण्याची त्याची तयारी नव्हती.

काळाने निर्णय दिला. किंग विल्यम बेटावर सापडलेल्या अस्थींवर सुरीच्या खुणा असल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. २०२४ मध्ये यांपैकी एक जबड्याचे हाड कॅप्टन जेम्स फिट्झजेम्स याचे असल्याचे डीएनए परीक्षणातून सिद्ध झाले, आणि त्यावरही अशा खुणा होत्या. 'एरेबस' २०१४ मध्ये सापडले ते इनुइटांच्या मौखिक परंपरेने दाखविलेल्या परिसरात. २०१६ मध्ये 'टेरर'चा शोधही एका इनुइट सहकाऱ्याने सांगितलेल्या आठवणीमुळे लागला. जोआ हेवन येथील इनुइट इतिहाससंग्राहक लुई कामूकाक यांनी वडीलधाऱ्यांच्या हकिकती दशकानुदशके जमविल्या. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. दीडशेहून अधिक वर्षे अचूकपणे सांगितली गेलेली ही भयकथाच होती. तिला श्रोता मिळाला नाही, एवढेच.

या कसोटीवर आधुनिक कृती तपासता येतात. डॅन सिमन्स याच्या 'द टेरर' (२००७) या कादंबरीत फ्रँकलिन मोहिमेला हिमराक्षसाची जोड दिली आहे. तीतील इनुइट स्त्रीला जीभ नाही, आणि खलाशी तिला 'लेडी सायलेन्स' म्हणतात. सर्वांत अधिक जाणणारी व्यक्तीच मुकी आहे, ही योजना एका दृष्टीने इतिहासातील अन्यायाचे प्रतीक ठरते. पण तिच्या लोकांचे जग कादंबरीत शेवटी आणि गूढकथेच्या रूपात उलगडते, यात तोच अन्याय काही अंशी पुन्हा घडतो. २०१८ च्या दूरचित्रवाणी-मालिकेत ही भूमिका ग्रीनलंडच्या कलावती नीवी निल्सन यांनी केली, आणि तेथे ती प्रारंभी आपल्या भाषेत बोलते. हा बदल मोलाचा आहे.

लव्हक्राफ्टचा वंशद्वेष सर्वज्ञात आहे. त्याच्या कथेतील निवेदक भित्तिशिल्पांतून प्राचीन प्राण्यांचा इतिहास जाणून घेतल्यावर त्यांना आपल्यासारखे जिज्ञासू जीव मानू लागतो. परंतु त्यांच्या बंडखोर गुलामांना अशी सहानुभूती मिळत नाही. त्यांना स्वतःचा आवाजच नाही. ते पूर्वीच्या धन्यांच्या आवाजाची नक्कल करतात. स्वालबार्डला मूळची आदिवासी वस्ती नव्हती, अंटार्क्टिकावरही नव्हती. तरीही 'डार्क मॅटर'मध्ये पेव्हरने निर्जन म्हणविल्या जाणाऱ्या किनाऱ्यावर पूर्वी राहिलेल्या, माणसांच्याच क्रौर्याला बळी पडलेल्या एका शिकाऱ्याची कहाणी गोवली आहे. त्यामुळे तेथील भूत आपल्या पडक्या वाड्यातील भुताच्या जवळ येते. ज्याचे ऐकले गेले नाही, तो तेथे परत येतो.

६. निष्कर्ष

१) ध्रुवीय भयकथेत श्रवण हा आशयाचाच भाग असतो. अंधार, बिनतारी संदेश आणि बर्फात अडकलेले जहाज ही सर्व ऐकण्याची सक्ती करणारी परिस्थिती आहे.

२) या कथांचा आनंद केवळ सुरक्षित अंतराने स्पष्ट होत नाही. एकट्या निवेदकाला श्रोता लाभण्यातील सहभाग त्यात असतो, आणि साधारणीकरणाची संकल्पना त्याचा अधिक समर्पक उलगडा करते.

३) हिमभूमी निर्जन आहे हे गृहीतक या कथांचा आरंभबिंदू असते. जी कथा ते गृहीतक निवेदकाच्या तोंडूनच मोडून काढते, ती अधिक टिकाऊ ठरते.

४) डिकन्ससारख्या थोर कथाकाराचे कान इनुइटांच्या साक्षीला बंद राहिले, ही घटना आस्वादकाला सावध करणारी आहे. भयकथा शिकविताना 'भीती वाटली का' या प्रश्नाबरोबर 'कोणाचे ऐकले आणि कोणाचे ऐकायचे राहिले' हा प्रश्नही वर्गात विचारला जावा. त्याने आनंद उणावत नाही. उलट अंधारातून येणारा प्रत्येक आवाज अधिक लक्षपूर्वक ऐकण्याची सवय लागते.