'एडिट' या क्रियापदाचे पर्याय : अर्थच्छटा, उपयोजन आणि संपादकाची जबाबदारी

प्रस्तुत लेखात 'एडिट' या इंग्रजी क्रियापदाच्या पर्यायी शब्दांचा विचार करावयाचा आहे. पर्यायकोशांत 'रिव्हाइज', 'अमेंड', 'इमेंड', 'करेक्ट', 'रिडॅक्ट' ही क्रियापदे 'एडिट'च्या शेजारी आढळतात आणि इंग्रजीच्या वर्गात ती समानार्थी म्हणूनच पाठ करून घेतली जातात. संहितेत बदल करणे हा समान धागा त्यांत आहे हे खरे. परंतु हा बदल कोणी करावयाचा आणि कोणत्या अधिकाराने, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक क्रियापद वेगळे देते. पर्यायकोशाच्या ओळीत नेमके हेच उत्तर गळून पडते.

'एडिटर' हे नाम इंग्रजीत सतराव्या शतकात आले व त्यावरून 'एडिट' हे क्रियापद अठराव्या शतकाच्या अखेरीस घडले. मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'बाहेर देणे, प्रसिद्ध करणे' असा आहे. दुरुस्तीची छटा मागाहूनची. मराठीतील 'संपादन' या शब्दाचीही गोष्ट फार वेगळी नाही. 'यश संपादन करणे', 'विश्वास संपादन करणे' या प्रयोगांत मिळविणे, सिद्धीस नेणे हाच अर्थ आहे. म्हणजे दोन्ही भाषांत चुका काढणे हे संपादनाचे मूळ कार्य नव्हे. मजकूर वाचकापर्यंत सिद्ध स्वरूपात नेणे हे ते कार्य होय.

'रिव्हाइज' म्हणजे पुन्हा पाहणे. हे पाहणे बहुधा लेखकाचेच असते. (ब्रिटिश विद्यार्थी परीक्षेपूर्वी 'रिव्हाइज' करतो तेव्हा संहितेतील एक अक्षरही बदलत नाही, ती केवळ उजळणी असते.) 'अमेंड' कायद्याला किंवा सभेच्या ठरावाला लागतो व त्यासाठी मान्यताप्राप्त सभागृह लागते. 'इमेंड' त्याच लॅटिन मुळाचा, पण त्याचे क्षेत्र भ्रष्ट झालेल्या जुन्या पाठापुरते. 'रिडॅक्ट' आता मुख्यतः कागदपत्रांतील मजकूर काळा करून झाकण्यासाठी योजला जातो.

हा भेद केवळ कोशगत नाही, हे टी. एस. इलियट यांच्या 'द वेस्ट लँड' (१९२२) या काव्याच्या हस्तलिखितांवरून दिसते. या काव्याच्या आरंभी बोस्टनमधील रात्रीचे एक दीर्घ वर्णन होते. ते इलियट यांनी स्वतः काढून टाकले. हे 'रिव्हिजन'. चौथ्या विभागातील सागरप्रवासाचा मोठा भाग मात्र एझरा पाउंड यांच्या कात्रीमुळे गेला व तो विभाग अवघ्या १० ओळींचा उरला. हे 'एडिटिंग', आणि त्यात अंतिम होकार कवीचा होता. पुढे १९७१ मध्ये व्हॅलरी इलियट यांनी हीच हस्तलिखिते प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनीही 'एडिट'च केले. पण त्यांनी काहीही गाळले नाही, उलट गाळलेले सारे परत वाचकांपुढे ठेवले व कोणता शेरा कोणाचा हे दाखविले. एकाच काव्याबाबत एकच क्रियापद छाटणीलाही लागते आणि जतनालाही. 'एडिट'ला 'सुधारणे' हा सरळ प्रतिशब्द देणाऱ्या अध्यापकाला या दुसऱ्या कार्याचा अर्थ लावता येणार नाही.

मराठीत हा गोंधळ आणखी एका वाटेने येतो. हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती. मराठीत ते ज्ञानाचे शोधकार्य. हिंदीतील 'संविधान संशोधन' म्हणूनच मराठीत 'घटनादुरुस्ती' होते. तरीही 'सुधारित आवृत्ती' म्हणावयाचे असताना मराठी पुस्तकावर 'संशोधित आवृत्ती' छापलेले दिसते आणि वाचकाने त्यातून काय समजावे, हे कळत नाही. वास्तविक आपल्या परंपरेत या भेदाचे भान जुने आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा ज्ञानदेवांच्या ग्रंथाला सुमारे तीनशे वर्षे होऊन गेली होती व पाठांत भेसळ शिरली होती. एकनाथ स्वतः समर्थ कवी. पण त्यांनी ग्रंथात आपली भर घातली नाही, आणि इतरांनीही घालू नये असे बजावले. याला 'इमेंड' म्हणता येईल, 'रिव्हाइज' नव्हे.

आज संगणकाच्या पडद्यावर आणि मराठी विकिपीडियावर एक स्वल्पविराम बदलणे हेही 'संपादन'च ठरते. त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. हरकत आहे ती महाविद्यालयीन व्यवहारातील सैलपणाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाच्या संपादकाला ८ गुण व ग्रंथातील प्रकरणाच्या लेखकाला ५ गुण होते. लेखकाहून अधिक गुण मिळविणाऱ्या संपादकाने नेमके काय केले, हे ग्रंथातून कळावयास हवे. परंतु चर्चासत्रात आलेले निबंध जसेच्या तसे एकत्र बांधून मुखपृष्ठावर तीन-चार संपादकांची नावे छापली जातात. मुद्रितशोधनही झालेले नसते. उलट वार्षिकांकात विद्यार्थ्याची कविता त्याला न विचारता पुनर्लिखित होते आणि तेही 'संपादन'च म्हणवते. पहिल्या प्रकारात कार्य नाही, दुसऱ्यात अधिकार नाही. संपादकीय प्रस्तावनेत निवड कशी केली, पाठ कोठे बदलला व लेखकाची संमती घेतली काय, एवढे तीन तपशील देण्याचा दंडक घातला, तर अशा अनेक ग्रंथांवर 'संपादक' याऐवजी 'संकलक' असे छापावे लागेल.