परदेशनिवास आणि स्पॅनिशचे अध्ययन : 'निमज्जन' संकल्पनेची चिकित्सा

परकीय भाषेच्या अध्यापनाविषयी प्राध्यापकवर्गात चर्चा निघाली की एक विधान हमखास ऐकू येते : भाषा शिकायची तर त्या देशात जाऊन राहावे, वर्गात बसून बोलता येत नाही. स्पेन, मेक्सिको, ग्वातेमाला येथे यजमान कुटुंबात राहून स्पॅनिश शिकण्याची सोय करणाऱ्या संस्थांचा डोलारा याच श्रद्धेवर उभा आहे. ज्या विद्यार्थ्याला परदेशी जाणे शक्य नाही, त्याचे अध्ययन या विधानाने आरंभीच दुय्यम ठरते. म्हणून त्याची चिकित्सा आवश्यक ठरते.

'इमर्शन' म्हणजे निमज्जन ही संज्ञा भाषाशिक्षणात रूढ झाली ती परदेशनिवासातून नव्हे, तर शाळेच्या वर्गातून, ही गोष्ट सहसा विसरली जाते. १९६५ साली कॅनडात मॉन्ट्रियलजवळील सेंट लॅम्बर्ट येथे इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंच माध्यमातून शिकविण्याचा प्रयोग सुरू झाला. पुढे स्टीफन क्रॅशन यांनी समजेल अशी भाषा भरपूर कानी पडली की ती आत्मसात होते, असा सिद्धान्त मांडला. त्याला प्रश्न विचारला गेला तो याच कॅनडातील वर्गांच्या आधारे. या मुलांचे आकलन उत्तम असूनही त्यांच्या बोलण्या-लिहिण्यातील व्याकरण कच्चे राहते, याकडे मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये लक्ष वेधले. केवळ ऐकणे पुरेसे नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय.

स्पॅनिशपुरता विचार करता २००४ साली 'स्टडीज इन सेकंड लँग्वेज ॲक्विझिशन' या नियतकालिकाच्या विशेषांकात आलेले अभ्यास महत्त्वाचे आहेत. अमेरिकन विद्यार्थ्यांचा एक गट स्पेनमधील आलिकान्ते येथे एक सत्र राहिला, दुसरा मायदेशीच वर्गात शिकला. सेगालोविट्झ आणि फ्रीड यांना परदेशी राहिलेल्या गटाच्या बोलण्यातील ओघ अधिक वाढलेला आढळला. परंतु कोलेन्टाइन यांनी सुट्या व्याकरणिक घटकांची मोजणी केली, तेव्हा मायदेशी राहिलेला गट सरस ठरला. परदेशी गटाचे कथन मात्र अधिक समर्थ व अर्थाने भरीव होते. उच्चारांच्या बाबतीत दिआस-काम्पोस यांना परदेशनिवासाची निर्विवाद आघाडी दिसली नाही. तेव्हा 'परदेशी राहून भाषा चांगली येते' या वाक्यातील 'चांगली' हा शब्द किती सैल आहे, हे उघड होते. भाषेचे कोणते अंग, असा प्रश्न तेथे आधी विचारावयास हवा.

याच अभ्यासांतील आणखी एक बाब अधिक बोलकी आहे. वर्गाबाहेर स्पॅनिशशी आलेला संपर्क आणि झालेली प्रगती यांचे साधे, सरळ नाते सिद्ध झाले नाही. यजमान कुटुंबातील संभाषण अनेकदा ठरावीक वाक्यांपुरते असू शकते, ही शक्यता संशोधकांनीच नोंदविली आहे. जेवण झाले का, कधी परतणार, उद्या पाऊस आहे का, एवढ्यावर दिवस निभावतो. यजमानीण विद्यार्थ्याची चूक समजून घेते आणि पुढे बोलू लागते. आतिथ्य म्हणून ते योग्यच आहे, पण चूक मात्र तशीच राहते. निमज्जनाच्या पुरस्कर्त्यांनी या सौजन्याचा विचार फारसा केलेला दिसत नाही.

दुसरा आक्षेप स्थळासंबंधी आहे. पाण्यात बुडी मारावी तशी भाषेत बुडी मारता येते, ही प्रतिमा सर्वत्र एकच पाणी गृहीत धरते. आलिकान्ते ज्या प्रदेशात आहे, तेथे १९८२ पासून वालेन्सियन ही स्पॅनिशच्या जोडीची राजभाषा आहे. ग्वातेमालातील आन्तिग्वा हे स्पॅनिश शिकणाऱ्यांचे आवडते गाव, पण त्याच्या परिसरात काक्चिकेल या माया भाषेचे भाषक राहतात. विद्यार्थी ज्यांच्याशी बोलतो त्यांच्यापैकी काहींचीही स्पॅनिश ही दुसरी भाषाच असू शकते. असा अनुभव मौलिक आहे, यात शंका नाही. पण त्याचे वर्णन 'निमज्जन' या शब्दाने होत नाही.

शिवाय वरील निष्कर्ष ज्यांच्यावर आधारलेले आहेत ते विद्यार्थी इंग्रजीच्या पार्श्वभूमीचे आहेत. मराठीभाषक विद्यार्थ्याचे प्रश्न निराळे आहेत. स्पॅनिशमधील दन्त्य त, द आणि महाप्राणविरहित प, त, क यांसाठी त्याला आलिकान्तेला जाण्याची गरज नाही. ते त्याच्या तोंडी आहेतच. विशेषणाचे लिंगवचनही 'चांगला-चांगली' म्हणणाऱ्याला नवे नाही, जरी नपुंसकलिंगी नामे तेथे कोणत्या लिंगात जातात हे पाठ करावेच लागते. 'सेर' आणि 'एस्तार' या 'असणे' अर्थाच्या दोन क्रियापदांबाबत मात्र गंमत आहे. 'बर्फ थंड असतो' येथे सेर आणि 'चहा थंड आहे' येथे एस्तार, इथवर मराठीतील 'असतो' आणि 'आहे' हा भेद वाट दाखवितो. 'ती शिक्षिका आहे' येथे मात्र सेर येतो आणि ती वाट चुकते. हे वळण यजमान कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलावर कोणी समजावून देणार नाही. ते येथील वर्गात, मराठी जाणणाऱ्या शिक्षकाला अर्ध्या तासात दाखविता येते.