डार्मोक आणि ‘ध’चा ‘मा’

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेच्या पाचव्या पर्वातला ‘डार्मोक’ हा भाग ३० सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेत प्रथम दाखवला गेला. त्यातल्या टमेरियन लोकांच्या भाषेवर चाहत्यांचा वाद अजून मिटलेला नाही. मीही त्या चाहत्यांतलाच. पण या वादात मराठी बोलणाऱ्याला एक साक्ष देता येईल असे वाटते, म्हणून हा खटाटोप.

टमेरियनांचे बोलणे अंतराळयानातले भाषांतरयंत्र शब्दशः उलगडते, तरी अर्थ हाती लागत नाही. कारण ते केवळ नावे आणि प्रसंग उच्चारतात : अमका वीर, तमक्या ठिकाणी. अपयश सांगायचे तर कुणाच्या तरी भिंती ढासळल्याची आठवण काढायची. त्यांचा कप्तान डेथन हा पिकार्डला एका निर्जन ग्रहावर नेतो आणि त्याच्यापुढे खंजीर धरतो. पिकार्डला ते द्वंद्वाचे आव्हान वाटते. डेथनला हवे असते ते दोघांनी मिळून एका श्वापदाशी लढणे, त्याच्या पुराणकथेतल्या दोन वीरांसारखे.

आक्षेप सर्वांच्या ओळखीचा आहे : पाना मागायचा असेल तर हे लोक काय म्हणत असतील? आणि मूळ कथा सांगायला साधी भाषाच नसेल, तर मुले त्या शिकतात कशा?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरात आहे. ‘ध’चा ‘मा’ केला, हे मराठी मूल सहज शिकते. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले अशी आख्यायिका आहे, हे त्याला फार नंतर कळते. कित्येकांना कधीच कळत नाही. क्रिकेटमध्ये ‘पानिपत’ झाले म्हणणाऱ्याला १७६१ आठवावेच लागत नाही. वाक्प्रचार आधी येतो, प्रसंगाने त्याचा अर्थ कळतो, कथा मागाहून आली तर येते. तेव्हा कथा सांगता येत नाही म्हणून भाषा शिकता येत नाही, हे काही पटत नाही.

मात्र याच उदाहरणातून एक अधिक अवघड प्रश्न निघतो, आणि तो मला चाहत्यांच्या वादात फारसा दिसला नाही. वापरून वापरून ‘पानिपत’ हे सामान्यनाम झाले. टमेरियनांचे शब्दही असेच झिजले असते, तर यंत्राने सरळ ‘पराभव’ म्हटले असते. यंत्र अडते, याचा अर्थ त्या लोकांना भिंती अजून खरोखर ढासळताना दिसतात. इयन बोगोस्ट यांनी २०१४ साली ‘द अटलांटिक’मधल्या लेखात या भाषेला रूपक म्हणणे नाकारले आणि तिच्यात कृतीची रीत पाहिली. मला ते बरेचसे मान्य आहे. डेथन प्रसंगाचे नाव घेऊन थांबत नाही, तो प्रसंग पुन्हा घडवून आणतो, आणि त्यापायी जीव गमावतो. आपण ‘ध’चा ‘मा’ म्हणतो तेव्हा आपल्या अंगावर काटा येत नाही. टमेरियनाच्या येत असावा.

भागाची रचना सारखी सकस नाही. यानावरच्या धावपळीची दृश्ये कंटाळवाणी आहेत. ट्रॉय आणि डेटा नावांचा माग काढतात तेवढाच भाग जमला आहे. पाना कसा मागतात याचे उत्तर पटकथाकार जो मेनोस्की देत नाहीत. देऊ नये हेच बरे.

शेकोटीचे दृश्य मात्र पुन्हा पुन्हा पाहावे असे. जखमी डेथन गोष्ट मागतो आणि पिकार्ड त्याला गिलगामेश सांगतो. सुरुवात तो टमेरियन वळणाने करतो : आधी नाव, मग राजा, मग गाव, उरुक. पुढे एन्किडू मरतो आणि गिलगामेश रडतो, तोवर वाक्ये साधी झालेली असतात. डेथनला त्यातले किती कळते, हे सांगितलेले नाही. पॉल विनफिल्ड यांचा चेहरा तेवढा ऐकताना दिसतो, जाड मुखवट्याआडून.

शेवटी टमेरियन आपल्या नोंदीत नवा प्रसंग घालतात. पिकार्ड आणि डेथन ही नावे ग्रहाच्या नावासह एकत्र येतात. त्यांच्या भाषेत त्या दिवशी एका शब्दाची भर पडली. पिकार्ड आपल्या खोलीत होमरच्या नावावरची ग्रीक स्तोत्रे उघडून बसतो.